दहिसर नाक्याच्या दोन बाजू

दहिसर आणि मीरा रोड ही पश्चिम रेल्वेवरची लागोपाठची स्टेशनं. लोकलला मध्ये पाच-सहा मिनिटं लागतात. टेलिफोनचा ०२२ हा कोड दोन्हीकडे सारखाच. पत्ता लिहायला घेतला की मात्र वेगळेपण सुरू होतं. दहिसरचा पिन कोड ४०००६८, तर मीरा रोडचा ४०११०७. मधला दहिसर नाका ओलांडला की जिल्हा बदलतो, महापालिका बदलते आणि १ ऑक्टोबर २०२० पासून पोलीस आयुक्तालयही वेगळं झालं आहे. मीरा रोडच्या पूनम सागर संकुलातला माणूस आणि दहिसर पूर्वेतला माणूस एकाच कार्यालयात नोकरी करत असतील, पगारही तेवढाच असेल; तरी दोघांचं रोजचं जगणं सारखं असेलच असं नाही.

शेजारच्या दोन देशांची तुलना करायला जग मानव विकास निर्देशांक वापरतं. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० साली त्याचा पहिला अहवाल निघाला आणि आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न यांना एकत्र मोजण्याची पद्धत रुळली. २०२५च्या अहवालात भारत आणि बांगलादेश एकाच क्रमांकावर आहेत, १३०व्या. दोघांचा निर्देशांकही ०.६८५. आत डोकावलं तर चित्र निराळं दिसतं: दरडोई उत्पन्न आपलं जास्त, सरासरी आयुर्मान त्यांचं जास्त. एकाच आकड्यात दोन वेगळी आयुष्यं बसतात. हीच नजर नाक्याच्या दोन बाजूंना लावून पाहायला हवी, कारण घर घेताना आपल्याकडे चौरस फुटांचा भाव सोडून फारसं काही मोजलं जात नाही.

मीरा रोडचा पूर्वभाग काही दशकांपूर्वीपर्यंत भातशेती आणि मिठागरांचा होता. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ला महापालिका. १९९१ची लोकसंख्या पावणेदोन लाख, २००१ची सव्वापाच लाखांच्या आसपास आणि २०११ची आठ लाखांवर. वीस वर्षांत साडेचारपट माणसं! ही माणसं मुंबईतूनच जास्त आली. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्यांना इथे स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतःचा संडास-बाथरूम आणि मुलाच्या लग्नानंतर त्याच्यासाठी एक बेडरूम मिळाली. ही कमाई लहान नाही. २०११च्या जनगणनेत मुंबईचे चाळीस टक्क्यांहून अधिक रहिवासी झोपडपट्टीत राहत होते. त्यांच्यापैकी अनेकांना पहाटे सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभं राहावं लागतं, हे लक्षात घेतलं तर ‘मुंबईत राहतो’ एवढ्यावरून कुणाचं आयुष्य बरं आहे हे ठरत नाही.

पण घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की पारडं फिरतं. सर्वांत आधी पाणी. मुंबईला सात तलाव आहेत. विहार, तुळशीपासून भातसा आणि मध्य वैतरणापर्यंत. त्यांतून दररोज ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी शहराला मिळतं. मीरा-भाईंदरला स्वतःचं एकही धरण नाही. शहाड-टेमघर प्राधिकरण म्हणजे ‘स्टेम’ आणि एमआयडीसी यांच्याकडून पाणी घ्यावं लागतं, आणि तेही जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला. दुरुस्तीसाठी चोवीस तासांचा शटडाउन जाहीर झाला की पूनम सागरसारख्या संकुलातल्या माणसाला कळतं की प्रकरण चोवीस तासांत मिटणार नाही. लाइन पुन्हा भरून दाब यायला पुढचा दिवस जातो. तोवर जमिनीखालच्या टाकीचा तळ दिसू लागतो, पंप थोडाच वेळ चालवला जातो, घरोघरी बादल्या आणि पिंप भरून ठेवतात आणि सोसायटीचे सचिव टँकरवाल्याला फोन लावतात. त्या टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात. फ्लॅट स्वस्तात मिळाल्याच्या हिशेबात ते कुणी धरत नाही.

यावरचा उपाय म्हणून एमएमआरडीएची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आखली गेली. क्षमता ४०३ दशलक्ष लिटर. त्यातले १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. इथे एक गोष्ट विसरता कामा नये. सूर्या धरण मुळात डहाणू, पालघर भागातल्या आदिवासींच्या शेतीसाठी बांधलेलं. ते पाणी शहरांकडे वळवायला तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. तीच गत मुंबईच्या पाण्याची: शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. मीरा रोडच्या रहिवाशाने दहिसरकडे पाहून गाऱ्हाणं करावं हे रास्तच आहे. शहापूरच्या बाईचं गाऱ्हाणं त्याहून मोठं आहे.

दवाखान्यांचं तसंच. मुंबई महापालिका केईएम, नायर, सायन, कूपर अशी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं चालवते. २०२५-२६चं तिचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. मीरा-भाईंदरकडे असं एकही महाविद्यालयीन रुग्णालय नाही. भाईंदर पश्चिमेचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय उभं राहिलं ते महापालिकेचं म्हणून, पुढे ते राज्य सरकारकडे गेलं. गंभीर दुखणं आलं की खासगी रुग्णालयाचं डिपॉझिट भरा, नाहीतर नाका ओलांडा, हेच दोन रस्ते उरतात.

नाक्यावरची एक सल मात्र निघाली. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. २ एप्रिल २०२२ला दहिसरची मेट्रो सुरू झाली, आणि तिला पुढे नेणाऱ्या मेट्रो ९च्या दहिसर-काशीगाव टप्प्याची चाचणी मे २०२५मध्ये झाली. लोकलची तऱ्हा जुनीच. सकाळी बसायला जागा हवी असेल तर मीरा रोडची माणसं ‘डाउन’ करतात, म्हणजे आधी उलट दिशेने भाईंदर किंवा विरार गाठतात. करातही दुजाभाव आहे: पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मिळालेली मालमत्ता करमाफी मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरती होती.

१९९० साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं की राहण्याजोगं घर हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. खटला होता शांतिस्टार बिल्डर्सचा. मीरा रोडची शांतीनगर वसाहत त्यांचीच. राहण्याजोगं म्हणजे भिंती आणि छप्पर एवढंच नाही. पाणी, दवाखाना आणि कामावर पोचण्याचा सुसह्य रस्ता त्यात आलाच पाहिजे, आणि आठ लाखांहून मोठ्या शहराला हे सगळं वेळेवर देणं हे राज्य सरकारचं काम आहे.

या दिवाळीत नाक्याच्या पलीकडे फ्लॅट पाहायला निघालात तर सॅम्पल फ्लॅट नंतर पाहा. आधी शेजारच्या जुन्या सोसायटीच्या सचिवांना भेटा आणि गेल्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या पावत्या दाखवायला सांगा.