जुनं इंजिन उघडताना – भाग ७ : धुण्याआधी मळ पाहा

क्रँककेस आज उघडायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. हेड आणि बॅरल उतरले, तरी सुटे भाग रॉकेलमध्ये टाकायला का सांगत नाही, असं एका वाचकांनी विचारलंय. मुद्दामच सांगितलेलं नाही. इंजिनाच्या आतला मळ हा त्या इंजिनाचा सर्वांत मोलाचा पुरावा असतो आणि तो एकदाच पाहायला मिळतो. भाग किती झिजला हे धुतल्यानंतरही मायक्रोमीटर सांगेल. का झिजला, हे मळातूनच कळतं. पिस्टनचा माथा घ्या. त्यावरचा कार्बन कडेकडेने ओला आणि सुटलेला असेल, तर तेल रिंगांवरून वर येतंय. कडा कोरड्या पण इनलेट व्हॉल्व्हची दांडी तेलकट असेल, तर संशय गाइडवर घ्यायचा. रिंगांखाली स्कर्टवर तपकिरी लेप दिसला, तर जळका वायू रिंगांना चुकवून खाली जात होता. हे तिन्ही पुसून टाकले की उरतो फक्त ‘धूर मारते’ हा शेरा. मग दोष गाइडचा असताना बॅरल बोअरिंगला जातं, ७० मिलिमीटरच्या बोअरमधलं चांगलं लोखंड विनाकारण कापलं जातं आणि धूर तसाच राहतो.

खालच्या भागात तर मळाचं महत्त्व आणखी वाढतं. आपल्या ३५० सीसीच्या जुन्या लोखंडी बॅरलच्या बुलेटमध्ये बिग एंडला रोलर नाहीत, फ्लोटिंग बुश आहे. तो तगतो तेलाच्या दाबावर. पंपाने ढकललेलं तेल टायमिंग कव्हरमधल्या फिल्टरमधून येतं, मग एका छोट्या कॉर्कच्या सीलमधून क्रँकशाफ्टच्या टोकात शिरतं आणि तिथून क्रँकपिनला पोहोचतं. हा कॉर्क कडक झाला किंवा वाकडा बसला, तर तेल टायमिंगच्या बाजूलाच सांडतं. पंप उत्तम, टाकीत तेल भरपूर, रॉकरलाही तेल मिळतंय, आणि बुश मात्र तहानलेला! म्हणून कव्हर काढलं की कॉर्क उपटून फेकू नका. शाफ्टच्या टोकाचा ठसा त्यावर पूर्ण गोल उठलाय की एकाच बाजूला, ते आधी बघा. फिल्टरचा फेल्ट स्वच्छ ट्रेमध्ये पेट्रोलात खळबळवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पेट्रोल निथळून तो कागदावर वाळवा आणि खालून चुंबक फिरवा. चुंबकामागे सरकतो तो कीस लोखंड-पोलादाचा, म्हणजे रिंग, बॅरल, कॅम किंवा गिअरचा. न हलणारा चकचकीत रुपेरी कीस बहुधा पिस्टनचा, पिवळसर असेल तर ब्राँझचा. मऊ, मंद पांढुरका कीस दिसला, तर बुशच्या पांढऱ्या धातूचा थर सुटू लागलाय.

भाग नवेच टाकायचे, तर जुन्या मळाचा अभ्यास कशाला, असा आक्षेप येईल. ‘हाफ इंजिन’ किंवा ‘फुल इंजिन’ असा ठोक भाव ठरवून काम घेणाऱ्या मिस्त्रीला तो रास्तही वाटेल, कारण पाहत बसण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. पण नवा बुश बसवताना कॉर्क चुकीचा बसला, तर त्या बुशची गत जुन्यासारखीच होणार. मळकट इंजिन उघडलं तर कचरा आत पडतो, हा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, मात्र तो बाहेरच्या मळाला लागू आहे. बाहेरची धूळ-ग्रीस उघडण्याआधीच, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरकडची तोंडं बंद करून धुवावी. त्याआधी तेल कुठून झिरपलंय, त्याचे फोटो तेवढे काढून ठेवा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : मळ फसवतोही. महिनोन्महिने उभ्या बुलेटमध्ये टाकीतलं तेल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. तिथे तेल साचलेलं दिसलं म्हणून परतीचा पंप निकामी ठरवणं चूक. कोकणातल्या पावसाळ्यात फक्त बाजारापर्यंत फिरणाऱ्या गाडीचं तेल दुधट होतं, कारण इंजिन पुरेसं तापतच नाही आणि आत जमलेली वाफ उडून जात नाही. तिथे पाणी शिरण्याची वाट शोधत बसण्यात अर्थ नाही. पण यावर उपाय मळ धुऊन टाकणं हा नव्हे. एका खुणेला दुसरी जुळते का, ते पाहावं. पांढुरका कीस सापडला आणि कॉर्कवरचा ठसाही अर्धाच असेल, तर तर्क पक्का. कीस आहे पण ठसा पूर्ण गोल असेल, तर पंप, फेल्ट आणि तेलाच्या वाटा संशयात येतात. तेव्हा तो कीस कागदाच्या पुडीत बांधा, वर कुठून निघाला ते लिहा आणि कॉर्कही सोबत ठेवा. पुढच्या आठवड्यात क्रँकपिन मोजताना दोन्ही लागतील.