इंग्रजी पत्राची भीती मोजून पाहा!

‘इंग्रजी येतं का हो तुम्हाला?’ असं कुणी विचारलं, की पुष्कळजणींचं उत्तर ठरलेलं. ‘छे, बाई! आपलं कामापुरतं.’ पण या ‘कामापुरतं’मध्ये काय काय बसतं, हे कुणी पाहिलंय?

घरी मसाले करून विकणारी माझी एक मैत्रीण. बरण्यांच्या परप्रांतातल्या कारखान्याला भाव विचारायचा होता. पत्ता जवळ होता, पण दोन महिने पत्र काही जाईना. ‘व्याकरण चुकलं तर हसतील गं!’

आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली ‘हे काम मला जमेल’ या विश्वासावर महत्त्वाचा लेख लिहिला आणि २००६ मध्ये तो मोजायची जणू पाककृतीच दिली. मोघम विचारायचं नाही. सोप्यापासून अवघडापर्यंत एकेक काम घ्यायचं आणि ० ते १०० मध्ये, दहादहाच्या पायरीनं, गुण द्यायचे. तेही ‘पुढेमागे जमेल’ याचे नव्हेत, आज काय जमतं त्याचे. सरावाला त्यांनी वजनं घेतली आहेत : १० पौंड उचलाल? २०? ५०? भरलेली कळशी उचलण्याआधी आपण तरी दुसरं काय करतो!

मैत्रिणीला मी अशीच यादी करून दिली. तारीख-पत्ता मांडणं : ९०. ‘डियर सर’ला ‘युअर्स फेथफुली’ आणि नाव घातलं तर ‘युअर्स सिन्सियरली’, हे न बघता लिहिणं : ६०. भाव विचारणं : ७०. फुटक्या मालाची तक्रार : ३०. थकलेली उधारी गोडीनं मागणं : १०. म्हणजे अडलेलं पत्र तिला येतच होतं की! त्याच दुपारी तिनं ते ई-मेलनं धाडलं.

मात्र गुण म्हणजे कौशल्य नव्हे हं! स्वतःला ९० देऊन ‘आय हॅव रिसीव्ड युवर लेटर येस्टरडे’ लिहिणाऱ्याही असतात. (‘येस्टरडे’ असताना ‘हॅव’ नको.) म्हणून गुण दिल्यावर लगेच पत्र लिहा आणि जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. गुण कमी, पण पत्र बरं असेल, तर व्याकरणाचं नवं पुस्तक आणू नका. खरीखुरी पत्रं धाडा. बांडुरांच्या मते धीर सर्वांत जास्त वाढतो तो स्वतः करून जमल्यानंच. गुण भरपूर, पण पत्र कच्चं असेल, तर मात्र शिकवणी हवी.

महिन्याने जुने आकडे न बघता पुन्हा गुण द्या. कधी ते घसरतातही. पत्रात काय काय लागतं ते आता कळलेलं असतं ना!

मैत्रिणीची तक्रार आता ६० वर आहे. उधारी अजून २०. ते पत्र या रविवारी आम्ही दोघी मिळून लिहिणार आहोत.