टाकीत द्रव, शेगडीत वायू

भरलेली गॅसची टाकी हलवली, तर आत काहीतरी डचमळल्याचे जाणवते. वायू कधी डचमळत नाही. मग आत असते तरी काय? ‘गॅस आला’, ‘गॅस संपला’ असे आपण म्हणतो खरे. पण टाकीत बहुतांशी असतो तो द्रव. शाळेत शिकलेला स्थायू, द्रव आणि वायूंचा धडा स्वयंपाकघरात रोज घडत असतो. तो नीट उमगला, तर घर सुरक्षित ठेवायलाही उपयोगी पडतो.

दाबाची किमया

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. नेहमीच्या हवेच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, तर ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली. म्हणजे आपल्या घरात दोन्ही वायूच. पण त्यांच्यावर पुरेसा दाब दिला की रेणू जवळ येतात आणि वायूचा द्रव होतो. दाबाने वायू द्रवरूप करता येतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८२३ मध्ये क्लोरीनच्या बाबतीत दाखवून दिले होते.

या द्रवाचा पुन्हा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट वाढते. घरगुती टाकीतील १४.२ किलो गॅस मोकळा सोडला, तर तो सुमारे सहा घनमीटर जागा, म्हणजे लहानशा स्वयंपाकघराचा जवळजवळ निम्मा भाग व्यापेल!

टाकी काठोकाठ मात्र भरत नाहीत. तापल्यावर द्रव प्रसरण पावतो आणि द्रवाला दाबून लहान करता येत नाही. म्हणून वर वायूसाठी जागा राखलेली असते. टाकी उन्हात किंवा शेगडीला चिकटून ठेवू नये, त्याचे कारणही हेच.

विस्तवाशिवाय उकळी

बटण फिरवले की वर साठलेला वायू बाहेर पडतो, आतला दाब थोडा उतरतो आणि द्रव उकळू लागतो. या उकळण्याला लागणारी उष्णता तो टाकीच्या पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून घेतो. लग्नकार्यात मोठ्या शेगड्या तासन्‌तास चालल्या की टाकीवर दव जमते आणि ज्योत मंदावते, ती यामुळेच. सिमल्याच्या किंवा लेहच्या थंडीत ब्यूटेनचा वायू जेमतेम होतो. टाकीत गॅस असूनही शेगडी रडतखडत चालते. अशा वेळी टाकी विस्तवाजवळ नेणे म्हणजे जिवाशी खेळच.

गॅस किती उरला, हे पाहायची सोपी युक्ती आहे. टाकीवरून ओले फडके फिरवा. वरचा भाग लवकर वाळतो. जिथपर्यंत आत द्रव आहे, तो भाग थंड असल्याने ओलसर राहतो.

गॅस संपत आला की टाकी आडवी करण्याची सवय मात्र घातक. त्यामुळे वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमधून नळीत शिरतो, तिथे अडीचशे पट फुगतो आणि ज्योतीचा भडका उडतो.

वास आला तर?

या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे इथाइल मरकॅप्टन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने जमिनीलगत पसरतो आणि ओट्याखाली साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान असले, तर एक ठिणगीही पुरते.

म्हणून वास येताच विजेचे कोणतेही बटण लावू नका आणि बंदही करू नका. दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. पंखा, फ्रीज जसे असतील तसे राहू द्या. समई, निरांजन, उदबत्ती विझवा. रेग्युलेटर बंद करून काढा, टाकीच्या तोंडावर टोपण बसवा. दारे-खिडक्या सताड उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

नळाचा गॅस वेगळा

मुंबई, पुणे, दिल्लीसारख्या शहरांत अनेक घरी नळाने गॅस येतो. तो मुख्यतः मिथेन. प्रत्येक वायूला एक ठरावीक तापमान असते. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी तो द्रवरूप होत नाही. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये हे स्पष्ट केले. मिथेनचे हे तापमान सुमारे उणे ८२ अंश! म्हणून घरच्या टाकीत तो द्रवरूपात ठेवता येत नाही. शिवाय तो हवेपेक्षा हलका. गळाला तर छताकडे जातो. अशा घरात वरचे झरोके मोकळे हवेत, तर टाकीच्या घरात जमिनीलगतची जाळी.

नवी टाकी घेताना कड्याजवळच्या पट्टीवरील अक्षर आणि आकडा वाचायला विसरू नका. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, ‘सी’ जुलै ते सप्टेंबर, ‘डी’ ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ही टाकीच्या पुढील तपासणीची मुदत. ती उलटून गेली असेल, तर टाकी दारातूनच परत करा.