विश्लेषण : वणवा उन्हाळ्यात, फटका पावसाळ्यात! जळालेल्या डोंगराची माती का वाहून जाते?

वणवा विझला की त्याची चर्चाही विझते. मात्र जळालेल्या उताराची खरी परीक्षा पहिल्या जोरदार पावसात होते. अमेरिकेत अशा उतारांवरून चिखल-दगडांचे लोंढे गावात घुसले आहेत. वाशिमसारख्या जिल्ह्यासाठी या संशोधनाचा अर्थ काय?

कॅलिफोर्नियात काय घडले?

डिसेंबर २०१७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात ‘थॉमस’ वणवा भडकला. तो पूर्ण आटोक्यात येण्याआधीच, ९ जानेवारी २०१८ रोजी पहाटे जळालेल्या डोंगरांवर जोरदार सर आली. माँटेसिटो येथे अवघ्या ५ मिनिटांत सुमारे १३ मिमी पाऊस झाला. डोंगरावरून चिखल, झाडे आणि मोठाले दगड वस्तीत घुसले. २३ जणांचा बळी गेला.

आगीनंतर जमिनीत काय बदलते?

झाडांचा पर्णसंभार आणि जमिनीवरचा पाचोळा पावसाचा मार झेलतात. ते जळाले की थेंब थेट मातीवर आदळतात आणि राख-मातीने जमिनीची छिद्रे बुजतात. तीव्र आगीत पाचोळ्यातील मेणासारखे पदार्थ वायुरूपात मातीत शिरतात आणि थंड होऊन कणांवर थर धरतात. मग पाणी मुरत नाही, उतारावरून धावते आणि माती-दगड ओढून नेते.

धोका किती काळ राहतो?

वाहत्या पाण्यामुळे होणाऱ्या लोंढ्यांचा धोका पहिली एक-दोन वर्षे सर्वाधिक असतो. दुसरा धोका उशिरा येतो. मेलेल्या झाडांची मुळे कुजली की मातीवरची त्यांची पकड सुटते, त्यामुळे काही वर्षांनीही उतार घसरू शकतो. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था उतार, आगीची तीव्रता, मातीचा प्रकार आणि १५ मिनिटांतील पावसाचा जोर यांवरून धोक्याचे नकाशे तयार करते. दिवसभरात किती पाऊस पडला, यापेक्षा तो किती वेगाने पडला हे येथे निर्णायक ठरते.

वाशिममध्ये दरड कोसळेल का?

तशी शक्यता कमी आहे. माळीण (२०१४), तळीये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या दुर्घटना सह्याद्रीच्या परिसरातील अतिवृष्टीत घडल्या, वणव्यामुळे नव्हे. वाशिमचे अजिंठा रांगेतील डोंगर तुलनेने ठेंगणे आहेत. येथील पानगळीच्या जंगलात आग बहुधा जमिनीलगत, पाचोळा आणि गवतातून पसरते. त्यामुळे मातीवरील परिणामही कॅलिफोर्नियाइतका तीव्र नसतो.

मग चिंता कशाची?

मातीची आणि पाण्याची. आग उन्हाळ्यात लागते आणि नवे गवत उगवण्याआधीच मृगाच्या सरी उघड्या जमिनीवर कोसळतात. डोंगरउतारावर मातीचा थर मुळातच पातळ, खाली कठीण काळा पाषाण. वाहून गेलेली माती नाल्यांतून धरणात पोहोचते. काटेपूर्णा अभयारण्य वाशिम आणि अकोला या दोन जिल्ह्यांत पसरले आहे, तर काटेपूर्णा नदीवरील महान येथील धरण अकोला शहराची तहान भागवते. म्हणजे मालेगाव तालुक्यातील उतार जळाला, तर गाळाचा भार शेजारच्या जिल्ह्याच्या पिण्याच्या पाण्यावर पडू शकतो. धरणातील गाळ काढून शेतात टाकण्यासाठी राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राबवली जाते. तीच माती डोंगरावर रोखणे केव्हाही सोपे.

उपाय काय?

उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा साफ करणे आणि मोहफुले किंवा नव्या गवतासाठी पाचोळा पेटवणे थांबवणे, हा पहिला उपाय. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे आगीचे इशारे मोबाइलवर पाठवते. त्याच नोंदींवरून जळालेले तीव्र उतार पावसाआधी शोधता येतात. तेथे चराईबंदी, नाल्यांत अनघड दगडी बांध आणि उघड्या जमिनीवर काडीकचऱ्याचे आच्छादन ही कामे तातडीने करावी लागतात. त्यासाठी मुदत मात्र एकच असते : पहिला पाऊस.