पोटात गेल्यावर दाटणारं दूध

अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीत आंबील करताना ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून चुलीवर ठेवतात. पाण्यासारखं पातळ मिश्रण उकळी येता येता एकदम दाटतं. पिठातले स्टार्चचे कण गरम पाणी पिऊन फुगतात आणि त्या पाण्याला धरून ठेवतात. हेच दाटणं विस्तवाशिवाय, तान्ह्या बाळाच्या पोटात घडवून आणता आलं तर? गुळणी टाकणाऱ्या बाळांसाठी जे खास फॉर्म्युला दूध मिळतं, त्यात हीच करामत असते.

आधी गुळणीचं कारण पाहू. नवजात बाळाची अन्ननलिका जेमतेम ८ ते १० सेंटिमीटर लांब असते. तिच्या खालच्या टोकाशी असलेली स्नायूंची झडप अजून कच्ची असते आणि मधूनमधून आपणहून सैलावते. त्यात बाळ दिवसभर आडवं, पोटात निव्वळ पातळ दूध आणि दुधाबरोबर गिळलेली हवा. दूध वर येणारच. चौथ्या महिन्याच्या सुमारास हा प्रकार सर्वांत जास्त असतो आणि वर्षाच्या आत बहुतेक बाळांचा तो आपोआप थांबतो. बाळ हसतंय, वजन वाढतंय, तर तो आजार नव्हेच.

घट्ट करणाऱ्या पदार्थांपैकी एक म्हणजे तांदळाचा किंवा मक्याचा स्टार्च. काही डब्यांतला स्टार्च असा निवडलेला असतो, की बाटलीत दूध बऱ्यापैकी वाहतं राहतं आणि जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की दाटतं. म्हणूनच अशा दुधाबरोबर आम्ल कमी करणारं औषध आपल्या मनाने देऊ नये. दुसरा पदार्थ म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब झाडाच्या बियांचा डिंक. आपल्या गवारीच्या बियांतून निघतो, त्याच जातीचा.

मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट. आईच्या दुधात स्टार्च घातला तर तो टिकतच नाही. त्या दुधात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य असतं. ते स्टार्चच्या साखळ्या तोडून टाकतं आणि दूध पुन्हा पातळ होतं. बाळाचं स्वतःचं अमायलेज अजून पुरेसं तयार झालेलं नसतं, म्हणून आई ते आपल्या दुधातून पुरवते! अंगावर पिणाऱ्या बाळाला गुळणीसाठी डब्यावर नेणं मला साफ चुकीचं वाटतं. बाळाला जवळ कसं घेतलंय, ते स्तन नीट धरतंय का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावं.

डब्याचंच दूध पिणाऱ्या बाळांवरचे ८ अभ्यास कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. दाट दुधाने दिवसाला साधारण दोन गुळण्या कमी झाल्या. फायदा खरा आहे, पण माफक. आम्ल वर येणं यामुळे किती घटतं, याचा पुरावा तितका पक्का नाही. जड झालेलं दूध तोंडापर्यंत कमी वेळा पोचतं, एवढं मात्र दिसतं. म्हणून आधी बाळाला गरजेपेक्षा जास्त पाजलं जातंय का ते पाहावं, थोडं थोडं पण अधिक वेळा पाजावं, ढेकर काढावा. तेवढ्याने भागलं नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस दाट फॉर्म्युला देऊन पाहावा. फरक पडला नाही तर बंद करावा. घरचं पीठ किंवा पेज मात्र बाटलीत कधीच घालू नये. बाळाला ठसका लागू शकतो आणि दुधातल्या घटकांचं प्रमाण बिघडतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर दूध दाट करणारी कुठलीही पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. झोपवताना बाळ उताणं आणि सपाट जागेवरच हवं.

उलटी हिरवी असेल, तीत रक्त दिसलं, दूध पिचकारीसारखं लांब उडत असेल, पोट फुगलं असेल, लघवी कमी झाली असेल किंवा वजन वाढत नसेल, तर ती साधी गुळणी नाही. वजन वाढत नसेल तर बाळाला लवकर दाखवा. बाकी काहीही दिसलं, विशेषतः हिरवी उलटी, तर सकाळची वाट न पाहता अक्कलकोट किंवा सोलापूरचा दवाखाना गाठा.