विपश्यना : औषध नव्हे, साधना

निद्रानाश, अम्लपित्त, शिरःशूल यांनी त्रस्त झालेले रुग्ण पुष्कळदा विचारतात, “वैद्यराज, विपश्यनेला जाऊ का?” उत्तर देण्यापूर्वी या साधनेचे प्रयोजन आपण जाणून घेतले पाहिजे.

सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) तीव्र अर्धशिशीने पीडित होते. १९५५ साली ते रंगून येथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी शिबिरात प्रवेश देण्यास आचार्यांनी नकार दिला. चित्तशुद्धी व दुःखमुक्ती हेच ध्येय. व्याधिशमन झालेच तर ते आनुषंगिक फळ होय. याच गोएंकाजींनी १९६९ साली ही विद्या भारतात आणली आणि पुढे इगतपुरी येथे धम्मगिरी केंद्र उभे राहिले.

दहा दिवसांच्या शिबिरात पंचशील व मौन पाळावे लागते. आरंभी आनापान, म्हणजे स्वाभाविक श्वासाचे अवलोकन, असते. येथे प्राणायामाप्रमाणे श्वासाचे नियमन नाही. चौथ्या दिवसापासून विपश्यना सुरू होते. साधक सर्वांगावरील संवेदना क्रमाने पाहतो. सुखद संवेदनेचा लोभ नाही, दुःखद संवेदनेचा द्वेष नाही. अखेरीस मैत्रीभावना शिकवितात. पालीतील ‘वेदना’ म्हणजे केवळ पीडा नव्हे, सुखद अनुभवही त्यात येतो. चरकाचार्यांनीही मन व सेंद्रिय देह हे वेदनेचे अधिष्ठान मानले आहे.

अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे, ही चरकोक्त सत्त्वावजय चिकित्सा. विपश्यनेशी तिचे साम्य दिसते. तथापि सत्त्वावजय वैद्य रुग्णासाठी योजतो, विपश्यना साधकाने स्वतः करावयाची असते. म्हणून ती औषधपत्रावर लिहून देण्याची वस्तू नव्हे, असे आम्ही मानतो.

यातून आपले कर्तव्य स्पष्ट होते. मधुमेह, रक्तदाब वा अपस्मार यांची औषधे शिबिरासाठी बंद करू नयेत. तेथे आहाराच्या वेळा बदलतात, म्हणून मधुमेही रुग्णाची मात्रा त्याच्या चिकित्सकाने आधीच ठरवून द्यावी. उन्माद किंवा तीव्र विषाद असलेल्यास परस्पर पाठवू नये. दीर्घ मौन व एकाग्रता अशा रुग्णास घातक ठरू शकते. प्रवेश-अर्जात आपला आजार लपवू नये, हेही रुग्णास बजावावे. औषधविक्रेत्या बंधूंनी दहा दिवसांची औषधे देताना एवढे विचारले, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.