गनफाउंड्रीच्या शहरात हिप-हॉप

मार्च १७९५ मध्ये जामखेडजवळच्या खर्ड्याच्या मैदानात मराठ्यांसमोर निजामाची फौज उभी राहिली, तेव्हा तिच्या कवायती पलटणींचा सेनापती एक फ्रेंच माणूस होता. मिशेल जोआकिम रेमाँ त्याचं नाव. लढाई मराठ्यांनी जिंकली. त्याच वर्षी रेमाँने हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. त्या भागाला आजही गनफाउंड्री म्हणतात. १७९८ मध्ये तो वारला. मलकपेठेजवळच्या टेकडीवर त्याची समाधी आहे आणि ‘मुसाराम बाग’ या वस्तीच्या नावात तो अजून नांदतो. त्याच वर्षी इंग्रजांच्या दबावाखाली निजामाने फ्रेंच पलटणी मोडल्या.

आज हैदराबादेत फ्रान्सचा पत्ता बंजारा हिल्सवर सापडतो. तिथे आलियाँस फ्रान्सेजची शाखा आहे. ही मूळ संस्था १८८३ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली, पण भारतातल्या तिच्या शाखा इथल्या कायद्याखाली नोंदवलेल्या, स्थानिक लोकांनी चालवलेल्या संस्था आहेत. भाषेचे वर्ग हा त्यांचा रोजचा संसार. त्याच्या जोडीला चित्रपट, प्रदर्शनं, संगीत आणि नृत्य. एखादी फ्रेंच नृत्यमंडळी भारतात आली की दूतावासाचा सांस्कृतिक विभाग आणि निरनिराळ्या शहरांतल्या शाखा मिळून दौरा आखतात. शहरागणिक सभागृह ठरतं आणि प्रयोगाला बहुधा स्थानिक नर्तकांसाठी कार्यशाळा जोडलेली असते. अशा दौऱ्यांतून फ्रान्सने बॅलेइतक्याच अभिमानाने हिप-हॉप जगभर पाठवलं आहे.

ही निवड सहज झालेली नाही. हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने सेजविक अॅव्हेन्यूवरच्या इमारतीतल्या पार्टीत गाणी वाजवली. गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, लांबवायची त्याची युक्ती होती, आणि त्या तुकड्यावर नाचणारी मुलं पुढे बी-बॉय म्हणवली जाऊ लागली. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या कलाकारांचा एक ताफा फ्रान्समध्ये फिरला. १९८४ मध्ये सिडनी नावाच्या कृष्णवर्णीय निवेदकाने टीएफ-वन वाहिनीवर दर रविवारी हिप-हॉपचा कार्यक्रम सुरू केला. तो वर्षभरही टिकला नाही, पण तेवढ्यात उपनगरांतल्या हजारो मुलांनी घरच्या फरशीवर गिरक्या घ्यायला सुरुवात केली होती.

त्यांतले बरेच जण अल्जीरिया, मोरोक्को, सेनेगल अशा देशांतून आलेल्या कामगारांची मुलं होती. ल्योंजवळच्या सँ-प्रिएस्तमधल्या मुराद मेर्झुकी, कादेर अत्तू आणि त्यांच्या मित्रांनी १९८९ मध्ये ‘अक्रोराप’ ही मंडळी काढली. मेर्झुकी लहानपणापासून सर्कस आणि मुष्टियुद्ध शिकलेला. त्याने १९९६ मध्ये ‘काफिग’ ही स्वतःची मंडळी उभारली. ‘पोकेमॉन क्रू’ने तर ल्योंच्या ऑपेरागृहाबाहेरच्या फरशीवर सराव केला, आणि पुढे त्याच ऑपेरागृहाने त्यांना आत घेतलं. २००८ मध्ये अत्तू ला रोशेलच्या राष्ट्रीय नृत्यरचना केंद्राचा संचालक झाला. पाठोपाठ मेर्झुकीकडे क्रेतेचं केंद्र आलं. ज्या मुलांना देश परकं समजत होता, त्यांच्या नाचाला पंचवीस वर्षांत सरकारी मान, इमारत आणि अनुदान मिळालं.

मंचावर येताना या नाचाला स्वतःला बदलावं लागलं. रस्त्यावर नर्तक रिंगणाच्या मध्यात असतो, चहूबाजूंनी त्याचेच सोबती उभे असतात आणि प्रत्येक जण आपली पाळी आली की आत उतरतो. आधी उभ्याने टॉपरॉक, मग हात जमिनीला टेकून पावलांचं काम, मग डोक्यावरच्या किंवा पाठीवरच्या गिरक्या आणि शेवटी एका हातावर शरीर गोठवणारं फ्रीझ. नाट्यगृहात प्रेक्षक एकाच बाजूला बसतात आणि प्रयोग तासभर चालतो. त्यामुळे फ्रेंच रचनाकारांना गिरक्यांच्या मधल्या जागा भराव्या लागल्या. त्यांनी शांतता वापरली, समूह वापरला, कथा सांगितली. ‘आग्वा’ या रचनेत मेर्झुकीने पाण्याने भरलेले पेले मांडून ब्राझीलच्या नर्तकांना नाचवलं. अत्तूने २००० मध्ये ‘अनोखा’ रचलं, त्यात हिप-हॉप आणि भारतीय नृत्य समोरासमोर आणलं.

अशा भेटीसाठी हैदराबादची जमीन कोरी नाही. कुचिपुडीच्या तरंगममध्ये नर्तकी पितळी थाळीच्या कडांवर उभी राहून ताल धरते. शरीराचा तोल इंचभर जागेत सांभाळणं म्हणजे काय, हे तिला बी-बॉयने समजावून सांगायची गरज नाही. नटराज रामकृष्ण यांनी रामप्पा मंदिरातल्या शिल्पांचा अभ्यास करून पेरिणी हे काकतीयकालीन वीरनृत्य पुन्हा उभं केलं. १९८७ च्या ‘पसिवाडी प्राणम’मध्ये चिरंजीवी यांनी ब्रेक डान्स केला, तो पाहून तेलुगू मुलांच्या एका पिढीने आरशासमोर सराव केला.

आणि मरफा आहे. हदरामौतहून आलेले अरब आणि निजामाच्या आफ्रिकन घोडदळातले सिद्दी यांच्या वस्त्यांत रुजलेलं हे तालवाद्यांचं संगीत हैदराबादच्या वरातींमध्ये आजही वाजतं. ए. सी. गार्ड्स या भागाच्या नावात ते घोडदळ अजून आहे. शहरातल्या बारकस वस्तीत अरब सैनिकांचे वंशज राहतात. मरफ्याचा ठेका सुरू झाला की पुरुष रिंगण करतात आणि एकेक जण काठी किंवा तलवार घेऊन मध्ये उतरतो. त्याच्या शेजारी तेलंगणाच्या तीनमारचा ठेका, जो मिरवणुकीत भल्याभल्यांना पाय हलवायला लावतं.

पोटासाठी किंवा चाकरीसाठी दूर गेलेल्या माणसांच्या मुलांनी परक्या गावच्या रस्त्यावर नाच रुजवला, ही सँ-प्रिएस्तची गोष्ट बारकसचीही आहे. म्हणून मला हैदराबादेतली फ्रेंच हिप-हॉपची भेट मोलाची वाटते. फ्रान्सने रस्त्यावरच्या नाचाला राष्ट्रीय कला म्हणायचं धाडस दाखवलं. त्यासाठी नृत्यकेंद्रं खुली केली, नर्तकांना पगार दिला, परदेशी जायची तिकिटं काढून दिली. पाहुण्यांकडून शिकायचं ते हे. गिरक्या तर आपली मुलं फोनवर पाहूनही शिकतात.

एका संध्याकाळच्या टाळ्यांनी मात्र हे साधत नाही. कार्यशाळेला कुचिपुडीच्या विद्यार्थिनीबरोबर बारकसचा मरफावादकही बोलावला जावा. त्याच्या कलेची नोंद विद्यापीठाच्या नृत्यविभागाने ठेवावी. हैदराबाद विद्यापीठात असा विभाग आहेच. आणि ल्योंच्या मंडळींचं विमान जसं इकडे येतं, तसं मरफ्याचं पथक तिकडे जावं, लोककलेचा नमुना म्हणून नव्हे, तर मानधन घेणारे, नाव छापून येणारे कलाकार म्हणून. अशी येजा सुरू झाली की मगच देवाणघेवाण या शब्दातल्या घेवाणीइतकाच देवाणीचाही अर्थ खरा ठरेल.